शिवण उसवल्यावर राहणारी सुतं कशाने निघतात? सगळं वापरून बघितलं, सांगते

नणंदेच्या बाळाच्या बारशाला द्यायला गोधडी शिवायला घेतली होती, ३६ बाय ४५ इंचाची, वरचा थर मशीनवर पट्ट्या जोडून आणि मग आतले थर घालून हाताने धावदोरा, माझी नेहमीची पद्धत. सात पट्ट्या जोडून झाल्या, पलंगावर पसरली आणि बघते तर दोन पट्ट्यांवरचे मोर उलटे. पट्टीच्या दोन्ही अंगाला शिवण, म्हणजे चार शिवणी उसवायच्या, एकेक ४५ इंचांची. त्यात शिवताना मी मरून रंगाचा दोरा संपवायचा म्हणून वर-खाली दोन्हीकडे तोच घातलेला आणि कापड ऑफव्हाइट, आईंच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात घेतलं तरी बरं वाटतं, पण त्याच मऊपणामुळे त्यात अडकलेलं सूत सुटता सुटत नाही.

उसवून तासाभरात झालं. पण कापडावर राहिलेले तुकडे काढायला मला दोन अख्ख्या दुपारी लागल्या.

सीम रिपर, म्हणजे टाके कापायचं ते छोटं हत्यार, कुठला घ्यावा, कसा धरावा यावर सगळे बोलतात, पण उसवून झाल्यावर जी बारीक बारीक सुतं कापडात रुतून बसतात त्यांचं काय करायचं हे विचारलं की उत्तर एकच, काढून टाकायची. अगं पण कशाने? नखाने एकेक काढत बसलं की मान जाते, डोळे जातात. म्हणून या वेळी ठरवलं की घरात आहे ते आणि बाजारात मिळतं ते सगळं एकाच कापडावर वापरून बघायचं, शिवणी चार होत्याच हाताशी, आणि काय चाललं काय नाही ते लिहायचं. कोणी मला फुकट काही दिलेलं नाही, सगळं माझ्या पैशाने आणलंय.

आधी हे तुकडे येतात कुठून ते सांगते, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे आणि मला ते इतकी वर्षं शिवून पण या वेळी कळलं. मशीनची टीप म्हणजे दोन दोरे, वरचा आणि खालच्या छोट्या रिळाचा म्हणजे बॉबिनचा, दर टाक्याला एकमेकांत अडकलेले. मी टाका २ मिमीचा ठेवते, म्हणजे ४५ इंचांच्या शिवणीत साधारण ५७० टाके. आता उसवायच्या दोन पद्धती. एक म्हणजे घाईची, दोन पदर ओढून धरायचे आणि रिपर मधून सरसर नेत जायचा, तो लाल गोळी असलेला बुटका दात कापडाला लागू नये म्हणून असतो ना, त्याच्या भरवशावर. पाच मिनिटांत शिवण उघडते आणि फार छान वाटतं. पण त्यात जवळजवळ प्रत्येक टाका कापला जातो आणि प्रत्येक टाक्याचा तुकडा कापडात राहतो, स्टेपलरच्या पिनेसारखा, दोन पाय आत आणि पाठ वर. एका शिवणीत पाचशेच्या वर, आणि तेही दोन्ही पदरांवर वाटले गेलेले. दुसरी पद्धत सावकाशीची, एका बाजूने दर चौथा टाका कापायचा आणि मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, तो अख्खाच्या अख्खा निघून येतो, आणि कापलेल्या बाजूला तुकडे राहतात दीडशेच्या आत. शिवाय ते लांब असतात, सेंटीमीटरभर तरी, त्यामुळे शेपूट हाताला लागतं.

मी दोन शिवणी घाईने उसवल्या आणि दोन सावकाश. घाईच्या एका शिवणीला पाच मिनिटं आणि मग साफ करायला दीड तास. सावकाशीच्या शिवणीला वीस-पंचवीस मिनिटं आणि साफ करायला दहा. पुढे कुठल्याही साधनाचं मी कौतुक केलं तरी हा हिशोब आधी लक्षात ठेवा, ज्याने पाचशे पिना कापडात पेरल्या त्याला कुठलंच साधन पुरत नाही.

आणि काढायची गरज काय, असं पण एकीने विचारलं मला. फिकट कापडाखाली गडद सूत राहिलं तर ते वरून दिसतं, आज नाही दिसलं तरी दोन धुण्यांनंतर कापड विरळ झालं की दिसतं. परत त्याच रेषेवर टीप मारायची असते तेव्हा जुने तुकडे सुईखाली येतात, नव्या टाक्यात गुंततात, काही खाली कापड सरकवणाऱ्या दात्यांमध्ये आणि बॉबिन केसमध्ये जाऊन बसतात. पण बाळाच्या गोधडीसाठी माझं खरं कारण वेगळंच आहे. मोकळा दोरा किंवा केस तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन आवळला जाऊ शकतो, रक्त थांबतं, सूज येते, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. असं होतं हे डॉक्टर पण सांगतात. एवढे बारीक तुकडे गुंडाळले जाणार नाहीत, पण त्यांच्याबरोबर एखादा लांब दोरा राहून जातोच, म्हणून बाळाच्या वस्तूत मी एकही सोडत नाही.

आता साधनं.

चिकटपट्टीपासून सुरुवात केली कारण सगळे तेच सांगतात. साधी पारदर्शक सेलोटेप, चिकट बाजू बाहेर करून बोटांना गुंडाळायची आणि कापडावर टपटप मारत जायचं. पहिल्या पाच-सहा वेळेला वाटतं झालं काम, पण जुन्या सुती कापडाची लव इतकी निघते की टेप पांढरी होऊन लगेच मरते, आणि आलेले तुकडे बघितले तर नुसते वर पडलेले आलेत, पाय रुतलेले तसेच. मग ब्राउन टेप, पॅकिंगची. ती नवीन जाड कापडावर एखाद वेळी चालेल, पण जुन्या नऊवारीला लावू नका, मनापासून सांगते. सुतं निघाली थोडी, पण त्याबरोबर कापडाचे तंतू पण उपटून आले आणि तेवढ्या पट्ट्यावर हात फिरवला तर खरखरीत लागतं, ते परत पहिल्यासारखं होत नाही. मी ती कड शिवणीच्या आत घेतली म्हणून निभावलं. टेपमध्ये सगळ्यात बरी मास्किंग टेप, ती रंगारी वापरतात ती कागदी, एक इंच रुंदीची. गोंद हलका असतो, कापड ओढलं जात नाही, आणि ४५ इंचांची पट्टी एकदम शिवणीवर लावून, बोटाने दाबून, एका टोकाकडून सपाट मागे ओढली की रेषाच्या रेषा साफ. पण दोन गोष्टी. एक म्हणजे ती पण फक्त सुटे झालेलेच तुकडे उचलते. आणि लावून ठेवून जेवायला जाऊ नका, उकाड्यात गोंद कापडावर राहतो, मग इस्त्री केली की पिवळा डाग, आणि तो काढायला वेगळी दुपार.

लिंट रोलरबद्दल मला जास्त बोलायचं नाही. कागद फाडून टाकायचा असतो तो काळ्या पँटसाठी ठीक आहे, शिवणीसाठी नाही, कारण तो गोल, त्यात शिवणीची कड दुमडलेली, आत पोचतच नाही, आणि एका शिवणीला चार-पाच कागद जातात. धुऊन परत वापरायचा चिकट रोलर मी ऑनलाइन मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी खरंच मस्त चालला. मग धुतला, आणि आमच्याकडे मुंबईत करी रोडला पावसाळ्यात एक रुमाल वाळायला दोन दिवस लागतात, तिथे तो काय वाळणार, ओलसर असतानाच वापरला तर काहीच उचलेना, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्याला घरातली धूळ लागून गेलेली. सव्वादोनशे रुपये गेले. परत घ्या म्हटलं तर उघडलेला माल घेत नाही म्हणाले.

चिमटे. इथे जरा थांबते, कारण चिमट्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही आणि चुकीच्या चिमट्याने ते निम्म्यावरच राहतं. भुवयांचा चिमटा सगळ्यांच्या घरी असतो, तिरक्या टोकाचा. त्याने लांब शेपूट असलेले तुकडे येतात, म्हणजे सावकाश उसवलेल्या शिवणीचे. पण स्टेपलरसारखे रुतलेले असतात ते त्याला धरताच येत नाहीत, टोक रुंद आणि गुळगुळीत, सूत सटकतं, मग तुम्ही जोर लावता आणि कापडाचाच धागा ओढून काढता. मग माझा भाचा, मोबाइल रिपेअरिंग शिकतो तो, म्हणाला मामी तू लॅमिंग्टन रोडला जा, तिथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे चिमटे मिळतात. त्याच्याबरोबरच गेले, लोअर परळवरून स्लो लोकल पकडली, ग्रँट रोडला उतरलो, पूर्वेला चालत पाच-सात मिनिटं. दुकानदाराला मी शिवणीचे दोरे काढायला हवाय म्हटलं तर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग चार प्रकार काचेवर मांडले आणि म्हणाला, "ये लो आंटी, टेढ़ा वाला, इससे बाल भी पकड़ लोगे." ईएसडी १५ म्हणतात त्याला, टोक वाकडं आणि सुईसारखं बारीक, अंगाला काळा मुलामा. मला ऐंशी रुपयांना पडला. तो मुलामा स्टॅटिक वीज साठू नये म्हणून असतो असं भाच्याने सांगितलं, बारीक पार्टना धक्का बसू नये म्हणून, आणि मला त्याचा वेगळाच फायदा दिसला, पॉलिएस्टर दोऱ्याचा तुकडा साध्या चिमट्याला चिकटून बसतो, झटकला तरी जात नाही, परत कापडावरच पडतो, याच्या टोकावरून बोटाने पुसलं की गेला.

वाकडं टोक असल्यामुळे हात कापडाला टेकवून काम करता येतं, मनगट दुखत नाही, आणि टोक पिनेच्या पाठीखाली सरकवून उचललं की दोन्ही पाय एकदम बाहेर. हा मला इतका आवडला की दुसरा घेऊन ठेवायचा विचार आहे. पण जपून, टोक इतकं धारदार आहे की मलमलीत सरळ आरपार जातं. पहिल्याच दिवशी मी एक भोक पाडलं. आणि लहान मुलं असतील घरात तर टोकाला रबराची नळी चढवून ठेवा, मी सलाइनच्या नळीचा तुकडा लावलाय.

घरात आणखी एक चिमटा होता, सासऱ्यांचा. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, ८२च्या संपापर्यंत, आणि त्यांच्या डब्यात एक सरळ पोलादी चिमटा अजून आहे, चपटा, चार बोटं लांब, कापड विणताना तुटलेलं सूत किंवा गाठ वर आली की उचलायला वापरायचे असं आई सांगतात. म्हणजे कापडातून नको असलेलं सूत काढायला हा बनवलेलाच, बाकी सगळे दुसऱ्या कुठल्या तरी कामाचे. हातात घेतला की फरक कळतो, स्प्रिंग इतकी मऊ की तासभर दाबला तरी अंगठा अवघडत नाही. पण टोकं जुळत नव्हती, मधे केसभर फट, त्यामुळे बारीक सूत निसटायचं. त्याचं पुढे काय केलं ते शेवटी सांगते.

आता रबर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही, आणि सगळ्यात स्वस्त. झालं असं की टेपने निघेनात, चिमट्याने एकेक काढून कंटाळा आला, आणि समोर मुलीची कंपासपेटी उघडी होती. खोडरबर घेतला आणि शिवणीवर आडवा ओढला, पेन्सिल खोडतो तसा पुढे-मागे नाही, एकाच दिशेने, शिवणीला काटकोनात. आणि पिना उभ्या राहिल्या! काही निघूनच आल्या, गुंडाळी होऊन रबरापुढे जमल्या. रबर सुताला धरतो, कापड घट्ट ताणलेलं असेल तर ते जागेवर राहतं आणि सूत तेवढं रबराबरोबर सरकतं, पाय बाहेर येतात. ताणणं महत्त्वाचं, सैल कापडावर रबर कापडालाच घेऊन फिरतो. मी भरतकामाची रिंग लावली, नाहीतर मांडीवर पाट घेऊन त्यावर ड्रॉइंग पिनांनी ताणून बसवलं तरी चालतं.

पण कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबरला एक वाईट खोड, त्याचा भुगा पडतो, आणि तो भुगा सुताइतकाच चिवट. रंगीत खोडरबर तर अजिबात नको, पेन्सिलच्या मागे असतो तो गुलाबी पण नको, मी कोपऱ्यात वापरून बघितला तर फिकट कापडावर पुसटशी रेघ उठली. डस्ट फ्री म्हणतात तो खोडरबर घेतला तर भुग्याची गोळी होऊन येते, पसरत नाही, त्यामानाने बरा.

मग मला आठवलं, बँकेत कॅशियर नोटा मोजायला बोटाला रबरी टोपी लावतात ना, बाहेरून बारीक बारीक दाणे असलेली. ती दाणेदार टोपी आणायला मसजिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले, तिथे स्टेशनरीची होलसेल दुकानं आहेत. एक-दोन देत नव्हते, पाकीटच घ्यावं लागलं, दहा टोप्या साठ रुपयांना, आणि मी त्यातल्या सहा वाटून पण टाकल्या. तर सांगते, याच्यासारखं काही नाही. बोट आपलं असल्यामुळे किती दाबायचं ते कळतं, दाण्यांमुळे सूत लगेच धरलं जातं, भुगा शून्य, डाग शून्य, आणि शिवणीची कड दुमडलेली असेल तर नखाच्या बाजूने आत जाता येतं. तर्जनीला एक आणि अंगठ्याला एक लावली की चिमट्यासारखं पण पकडता येतं. घाईने उसवलेली दुसरी शिवण मी या टोप्यांनी वीस मिनिटांत आणली, पहिलीला दीड तास लागला होता. दहापैकी साडेनऊ, अर्धा मार्क घाम येतो म्हणून कापला, आत जराशी टाल्कम पावडर लावली की तोही प्रश्न सुटतो. साइज बघून घ्या, सैल झाली तर फिरत राहते, माझ्या तर्जनीला लहान साइज लागली आणि अंगठ्याला मोठी.

बाहेरच्या देशात गोधड्यावाल्या बायकांसाठी असा सीम रिपरच मिळतो की ज्याच्या दांड्याच्या टोकाला रबरासारखं मऊ बोंडूक असतं, एका टोकाने उसवायचं आणि उलटा धरून दुसऱ्याने सुतं चोळून काढायची. माझ्या मैत्रिणीने तिकडून आणलेला मी एकदा हाताळलाय. कल्पना एकदम बरोबर, तत्त्व तेच जे टोपीचं. पण दादरला टेलरिंग मटेरियलच्या तीन दुकानांत आणि एका मॅचिंग सेंटरमध्ये विचारलं, फॉल-बिडिंगवाल्या काकांना पण विचारलं, कोणाकडे नव्हता, आणि मागवायचा खर्च ऐकून मी सोडून दिलं. सहा रुपयांच्या टोपीने होतंय तर कशाला.

भांडी घासायचे रबरी हातमोजे पण चालतात, जरा मोठं क्षेत्र असेल, म्हणजे मागच्या अख्ख्या अस्तरावर सुतं पसरली असतील तर तळव्याने एका दिशेला पुसत जायचं, गुंडाळी होऊन येतात. हे आमच्या आईंना दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं एवढं कशाला, हात ओला कर की." वाटीत पाणी घेतलं, बोटं बुडवली, झटकली, आणि कापडावरून हात असा हलक्याने खाली ओढत नेला, तीन-चारदा, आणि तळव्याखाली मरून सुताची वळी तयार. त्या लग्न होऊन आल्यापासून असंच करतात म्हणे, चाळीत गोधड्या शिवायच्या तेव्हा गॅलरीत बसून. मी दुसऱ्या कडेवर स्वतः केलं, जमलं, पण माझ्या हाताने त्यांच्याइतकं नाही, हात जास्त ओला राहिला तर सूत कापडालाच चिकटतं. सुटी सुतं गोळा करायला ओला हात टेपपेक्षा चांगला, हे मान्य, आणि कापडाला त्रास काहीच नाही. मी आता टेप फक्त शेवटची तपासणी म्हणून वापरते.

बाकीचं पटकन. टूथब्रश, जुना असो की नवा, सुतं विणीत अजून आत ढकलतो, नको. व्हेलक्रोचा खरखरीत तुकडा घासायला सांगतात, त्याने सूत निघतं पण सुती कापडाची पार लव काढतो, नको म्हणजे नको. मखमली लिंट ब्रश, एका दिशेने उचलतो आणि उलट फिरवला की सोडतो तो, कोटासाठी छान, शिवणीत निरुपयोगी. व्हॅक्युम क्लीनर शेजारच्या काकूंचा आणला, नळीच्या तोंडाला पायमोजा बांधून, तर वरचं वर ओढून घेतलं, पायवाले तसेच. नखं वाढवलेली असतील तर नखानेच बरं त्यापेक्षा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या शिवणीनंतर कापड चुरगळलंय म्हणून मधेच इस्त्री फिरवली. इस्त्रीने तुकडे चपटे होऊन विणीत असे बसले की रबराला पण दाद देईनात, तेवढ्या पट्ट्यातले सगळे चिमट्याने एकेक काढावे लागले. आधी सुतं, मग इस्त्री. सगळं साफ झालं की जुन्या सुईची भोकं राहतात रांगेने, त्यांच्यावर थोडं पाणी शिंपडून नखाच्या पाठीने आडवं-उभं चोळायचं आणि मग वाफेची इस्त्री, सुती कापडात भोकं बरीचशी मिटतात, उरलेली पहिल्या धुण्यात जातात. सिल्कमध्ये मिटत नाहीत, तिथे उसवायची वेळच येऊ देऊ नका, टाचण्या लावून दोनदा बघा.

कापडाप्रमाणे पण सांगते कारण मैत्रिणी विचारतात. जरीच्या काठावर, पैठणीच्या वगैरे, टेप आणि रबर दोन्ही नाही, जर उचकटते, फक्त बारीक चिमटा आणि भरपूर उजेड. खणाला टोपी चालते, विणीच्या दिशेने मात्र. मलमलीला ओला हात. फ्लॅनेलमध्ये सुतं सगळ्यात वाईट अडकतात, तिथे मी सरळ सांगते, सावकाशीच्या पद्धतीनेच उसवा, दुसरा इलाज नाही. आणि फायबर शीट किंवा कापूस आत घालून झाल्यावर शिवण उसवायची वेळ आली तर आधी त्या शिवणीखाली पातळ पुठ्ठा सरकवा, नाहीतर तुकडे आत कापसात जातात आणि ते परत बाहेर येत नाहीत, गडद दोरा असेल तर कायमचे वरून दिसतात.

उजेडाचं राहिलं. वरून ट्यूबलाइट असेल तर ऑफव्हाइटवर पांढरं सूत अजिबात दिसत नाही. मोबाइलची टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवी ठेवा, प्रत्येक तुकड्याची सावली पडते, आणि तुम्हाला साफ वाटलेल्या शिवणीत वीस-पंचवीस सापडतील. मी दुपारी खिडकीपाशी साफ केलेली कड रात्री टॉर्चने बघितली आणि परत बसले.

तर आता माझी जी पद्धत बसलीय ती अशी, दर चौथा टाका कापून सावकाश उसवायचं, दुसऱ्या बाजूचा दोरा अख्खा ओढायचा, कापड ताणून दाणेदार टोपीने एका दिशेने चोळायचं, ओल्या हाताने गोळा करायचं, आडव्या टॉर्चमध्ये राहिलेले वाकड्या चिमट्याने, आणि शेवटी मास्किंग टेपची एकच पट्टी लावून लगेच काढायची, तिच्यावर काही आलं नाही तर झालं. टोप्या, चिमटा आणि टेप मिळून मला एकशे ऐंशीच्या आसपास पडलं, आणि त्यात टोप्या अजून वर्षभर पुरतील. यातलं एकच घ्यायचं असेल तर टोपी घ्या.

सासऱ्यांच्या चिमट्याचं सांगायचं होतं. तो मी नाक्यावरच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला, त्यांनी भिंग लावून टोकं बघितली, बारीक पॉलिश पेपरवर दहा-बारा वेळा घासली, एकदा वाकवून जुळवली, आणि आपल्या बाहीचं एक सूत उचलून दाखवलं मला. वीस रुपये घेतले. लॅमिंग्टन रोडवाल्याइतका बारीक नाही तो झाला, पण मलमलीत घुसत नाही, आणि हात दुखत नाही. गोधडीच्या शेवटच्या कडेवर टॉर्चमध्ये सतरा तुकडे दिसले होते, ते सतरा आईंनी त्याच चिमट्याने काढले, चष्मा लावून, मला हात लावू दिला नाही. मोर आता सगळे सरळ आहेत, आणि धावदोऱ्याच्या अजून नऊ ओळी बाकी आहेत.